बाटलीतलं ‘क’ जीवनसत्त्व आणि किनाऱ्यावरचं ऊन

मासळी कशी पारखून घ्यावी हे रायगडच्या किनाऱ्यावरच्या बाईला शिकवावं लागत नाही. अलिबागच्या बाजारात ती बांगड्याचे कल्ले उचलून आतला लाल रंग बघते, डोळा बघते, बोटाने दाबून खड्डा भरून येतो का ते पाहते, आणि एवढं सगळं करून वर कोळणीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालते. तीच बाई संध्याकाळी मोबाइलवर सहाशे-सातशे रुपयांची, मुठीत मावेल एवढी बाटली मागवते तेव्हा मात्र ती कधी भरली, किती दिवस टिकणार, आत नेमकं काय आहे, यातलं काही म्हणजे काही विचारत नाही. बाटलीवर संत्र्याचं चित्र असतं आणि नाव असतं ‘व्हिटॅमिन सी सीरम’. बस्स, तेवढं पुरतं.

तीस वर्षं मी याच तालुक्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलं शिकवणीला येतील असं वाटलं होतं. आल्या त्या जुन्या विद्यार्थिनी, बाटल्या घेऊन. त्यांच्या जावा, नणंदा, कॉलेजात जाणाऱ्या लेकीसुद्धा. ‘बाई, हे पिवळं झालंय, चालेल का?’ ‘बाई, ह्याने चुरचुरतं.’ ‘बाई, दहा टक्क्यांचं घेऊ की वीस?’ कुणी नागाव-चौलच्या वाड्यांतली, कुणी रेवदंड्याची, एकदोघी मांडव्याहून लाँच पकडून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या. मी डॉक्टर नाही, हे त्यांना आधी सांगते आणि इथेही सांगते. पण बाटलीतला पदार्थ काय आहे, तो कशाने बिघडतो, आपल्या हवेत किती टिकतो, हा निव्वळ माझ्या विषयातला भाग आहे. आणि त्या विषयाच्या बळावर मला जे सांगायचंय ते एवढंच, की ही वस्तू साबण-पावडरीसारखी कपाटात वर्षभर पडून राहणारी नाही. ती मासळीच्या जातीची आहे. नाशवंत.

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. स्कर्व्ही होऊ न देणारं, असा त्या नावाचाच अर्थ. १४९८ साली वास्को द गामा परतीला निघाला तेव्हा आपलाच हा अरबी समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले, आणि तेवढ्यात त्याचे तीसएक खलाशी हिरड्या सुजून, अंगातलं त्राण जाऊन मेले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं ज्यांना मिळाली ते दोघे सर्वांत आधी बरे झाले. ते बरं करणारं द्रव्य वेगळं काढायला मात्र १९२८ साल उजाडावं लागलं. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने ते काढलं, १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याला ते भरपूर प्रमाणात सापडलं ते कशात, तर त्याच्या गावाकडच्या लाल मिरच्यांत!

स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त का येतं, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा का उकलतात? कारण शरीराला धरून ठेवणारा कोलॅजन नावाचा जो धागा आहे, तो नीट विणला जायला क जीवनसत्त्व लागतं. त्वचेचा ताठपणा याच धाग्यावर अवलंबून असतो. शिवाय उन्हामुळे त्वचेत जी विध्वंसक द्रव्यं तयार होतात त्यांना हे जीवनसत्त्व स्वतः खर्ची पडून थोपवतं, आणि त्वचेत काळसर रंगद्रव्य बनवणाऱ्या एका विकराला जरा आवर घालतं. सौंदर्यप्रसाधनवाल्यांना ते हवंहवंसं वाटलं ते या तीन गुणांमुळे. गुण खरे आहेत. जाहिरातीत त्यांची फुगवणूक होते, एवढंच.

‘मग आंबट खाल्लं की झालं ना?’ हा प्रश्न हटकून येतो. आंबटपणा आणि क जीवनसत्त्व यांची आपण उगाच गाठ मारली आहे. आपलं कोकम आंबट ते वेगळ्याच आम्लामुळे, चिंच टार्टारिक आम्लामुळे. दोहोंत क जीवनसत्त्व नावापुरतंच. उलट गोड लागणाऱ्या पेरूत शंभर ग्रॅममागे दोनशे मिलीग्रॅमच्या वर असतं. आवळ्यात त्याहूनही जास्त. प्रौढ बाईला दिवसाला ६५ मिलीग्रॅम पुरतं, असं आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं २०२० सालचं कोष्टक सांगतं. म्हणजे एका पेरूत दोन दिवसांची बेगमी. ती जरूर करावी. पण पोटातून गेलेल्यापैकी त्वचेच्या वाट्याला शरीर ठरवील तेवढंच येतं, जास्तीचं लघवीवाटे जातं. चेहऱ्याच्या त्वचेत त्याचं प्रमाण त्यापलीकडे वाढवायचं तर वरून लावावं लागतं, हा सीरमवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे.

आणि लिंबू? ते मात्र चोळू नका. लिंबाच्या रसात शंभर मिलीलीटरला पन्नासएक मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असतं. दहा टक्क्यांच्या सीरममध्ये त्याच्या दोनशेपट. तेव्हा लिंबू चोळून मिळणारा लाभ जवळजवळ शून्य, आणि तोटा मोठा. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी काही द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, नंतर महिनोन् महिने काळे डाग राहतात. उन्हाळ्यात सरबताची लिंबं पिळून तसंच अंगणात पापड घालायला गेलेल्या बायकांच्या हातांवर असे डाग मी पाहिले आहेत. चेहऱ्यावर हे ओढवून घेण्याचं काही कारण नाही.

आता बाटलीकडे वळू. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात विरघळतं, पण त्वचा ही मुळात पाणी बाहेर ठेवण्यासाठी बनवलेली भिंत आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले शेल्डन पिनेल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली डुकराच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की द्रावणाचा पीएच, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला ‘सामू’, साडेतीनच्या खाली असेल तरच हे आम्ल आत शिरतं. म्हणजे सीरम चांगलंच आंबट हवं. चुरचुरतं ते त्यामुळे. दुसरं असं दिसलं, की २० टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवलं तर आत जाणारं वाढतं, त्यापुढे वाढत नाही. तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांच्या बाटल्यांना जादा पैसे मोजणं हे नुसतं चुरचुर विकत घेणं आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटते. एकदा आत मुरलेलं जीवनसत्त्व अर्धं व्हायला सुमारे चार दिवस लागतात. एखादा दिवस राहिला, लग्नाला गेलात, लाइट नव्हते, तर बिघडत नाही.

२००५ मध्ये त्याच गटाने १५ टक्के क जीवनसत्त्वाला १ टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल जोडलं. मिश्रण जास्त टिकाऊ झालं आणि उन्हापासून त्वचेला मिळणारं संरक्षण त्यांच्या प्रयोगात दुप्पट झालं. हे फेरुलिक आम्ल आपल्या भाताच्या कोंड्यातही असतं. (म्हणून उद्या कोणी कोंडा चेहऱ्याला फासू नये. तो कोंबड्यांनाच घालावा.) लेबलावर ही तीन नावं एकत्र दिसली तर ती विक्रेत्याची शोभा नाही, त्यामागे कारण आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता नासण्याविषयी. ॲस्कॉर्बिक आम्लाला प्राणवायू खपत नाही, उजेड खपत नाही, उष्णता खपत नाही, आणि तांबं किंवा लोखंड यांचा अंश तर मुळीच खपत नाही. ज्या गुणामुळे ते त्वचेचं रक्षण करतं त्याच गुणामुळे बाटलीत बसल्या बसल्या स्वतः खर्च होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम बारावीच्या मुलांना मी दर वर्षी सांगत असे. आता हिशेब करा. फ्रिजमधल्या ५ अंशांवरून बाटली मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या खोलीत आली, म्हणजे तीनदा दुप्पट. आठपट वेग! फ्रिजमध्ये जी तीन महिने नीट राहिली असती ती खिडकीत दहा-बारा दिवसांत म्हातारी होते. नियम ढोबळ आहे, प्रत्येक बाटलीचं गणित वेगळं असणार, पण दिशा हीच.

लेबलावर छापलेलं असतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. मे महिन्यात मुरुडला किंवा श्रीवर्धनला थंड आणि कोरडी अशी जागा कुठे असते, ते छापणाऱ्याने एकदा येऊन दाखवावं. जुन्या घरांतलं माजघर थंड असायचं, पण कोरडं नाही. आणि बाटली आपल्या घरी येण्याआधीच तिचा निम्मा प्रवास उन्हात झालेला असतो. पत्र्याच्या गोदामात चार दिवस, मग टेम्पोत, मग वडखळ नाक्यावरच्या गर्दीत दोन तास. टेम्पोच्या आत बंद पत्र्याखाली काय तापमान होत असेल ते ज्याने दुपारी बंद गाडीचं दार उघडलंय त्याला सांगायला नको.

मी घरी एक साधा खेळ केला. एकाच नव्या बाटलीतलं सीरम दोन लहान काचेच्या कुप्यांत घातलं. एक फ्रिजमध्ये, एक स्वयंपाकघराच्या खिडकीत. तीन आठवड्यांनी फ्रिजमधलं होतं तसंच, पाण्यासारखं. खिडकीतलं कोऱ्या चहासारखं. जिवंतपणा तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. भाताच्या पेजेच्या निवळीत जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब टाकला की ती काळी-निळी होते. त्यात ताज्या सीरमचा थेंब टाकला की रंग बघता बघता उडतो. खिडकीतल्या कुपीतले बरेच थेंब टाकले तरी तो उडेना. शेजारच्या दोन मुली तोंडाचा आ करून बघत होत्या. एरवी वर्गात या प्रयोगाला जांभया यायच्या! मात्र ही परीक्षा शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लापुरतीच. त्याच्या काही टिकाऊ संयुगांनी रंग लगेच जात नाही, म्हणून ती खोटी ठरत नाहीत.

सबब, रंग बघा. ताजं सीरम पाण्यासारखं किंवा फार तर फिकट पिवळसर असतं. गडद पिवळं झालं की संपवायची घाई करा, तांबूस-तपकिरी झालं की ओतून टाका. ‘पैसे दिलेत, निदान मानेला लावते’ हे म्हणणं ऐकू नका. नासलेलं सीरम चेहऱ्याला लाभ देत नाही, वर नखं, कातडी आणि उशीचे अभ्रे पिवळट करतं. काही बाटल्यांत मुळातच केशरी रंग घातलेला असतो. असला रंगवलेला माल मी घेत नाही, घ्या असंही सांगत नाही. कल्ल्यांना रंग लावलेली मासळी आपण घेऊ का?

बाटली गडद काचेची हवी. उघडं तोंड किंवा डबीतलं क्रीम नको. लेबलावर भरल्याची तारीख असते ती वाचा, नुसती मुदत वाचू नका. सहा महिन्यांहून जुना माल मी परत पाठवायला सांगते. उघड्या डबीचं एक बारीक चित्र असतं आणि त्यात ‘६ एम’, ‘१२ एम’ असं लिहिलेलं असतं. उघडल्यावर किती महिन्यांत संपवायचं, ते त्यावरून कळतं. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लासाठी आपल्याकडे तेवढाही भरवसा धरू नका, दोन-तीन महिने पुष्कळ. आणि इथे एक गंमत आहे. वीस थेंबांचा साधारण एक मिलीलीटर होतो. रोज पाच थेंब लावले तर तीस मिलीलीटरची बाटली चार महिने चालते. म्हणजे एकट्या बाईने घेतलेली मोठी बाटली संपण्याआधी नासणारच. दहा-पंधरा मिलीलीटरची लहान बाटली महाग वाटते, पण ती स्वस्त पडते. नाही तर जावा-जावांनी मिळून एक घ्यावी. फक्त ड्रॉपर कुणीच चेहऱ्याला टेकवू नये, आणि घेतलं की झाकण लगेच घट्ट लावावं.

ठेवायची जागा फ्रिज. फ्रीझर नको, दाराचा कप्पाही नको, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं. आत, भाजीच्या ट्रेच्या वर. न्हाणीघरातली फळी ही सर्वांत वाईट जागा. आमच्याकडे येणाऱ्या एका कोळीण मावशींना मी हे मुलीसाठी समजावून सांगत होते. त्या म्हणाल्या, ‘मंग मासलीवानी त्याला पन बर्फान ठेवाचा, असा सांग ना!’ तीस वर्षं शिकवून मला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं. पण फ्रिजचाही भरवसा विजेइतकाच. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं त्यानंतर श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या वेळी सीरमची फिकीर कुणाला असणार म्हणा! पण एरवीही पावसाळ्यात जिथे दिवसदिवस लाइट जातात तिथे शुद्ध आम्लाची महागडी बाटली घेण्यात अर्थ नाही.

मग अशांनी काय घ्यावं? क जीवनसत्त्वाला रसायनशास्त्रज्ञांनी दुसऱ्या रेणूंची जोड देऊन ते शांत केलं आहे. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, एथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड अशी त्यांची नावं. लेबलावर पहिल्या पाच-सहा घटकांत यांतलं एखादं दिसतं का ते बघा. ही संयुगं त्वचेत गेल्यावर त्यांचं थोडंथोडं क जीवनसत्त्व होतं. शुद्ध आम्लाइतका पुरावा त्यांच्यामागे नाही, पण ती चुरचुरत नाहीत आणि उन्हाळा सोसतात. माझं मत विचाराल तर आपल्या किनाऱ्यावर, घामाच्या चेहऱ्याला, ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांना आणि ज्यांच्या फ्रिजचा भरवसा नाही त्यांना हीच बरी. फ्रिज आहे, शिस्त आहे, त्वचा सोसणारी आहे, तर दहा टक्क्यांचं शुद्ध घ्या. वीस टक्क्यांचं पहिल्यांदाच घेऊन मेच्या दुपारी लावणं म्हणजे हौसेने लाल होणं. घरी पावडर आणून गुलाबपाण्यात कालवण्याची टूम निघाली आहे, तीही नको. आम्लाचं प्रमाण चुकलं तर चेहरा भाजतो, आणि पाण्यात लोहाचा अंश असला तर ते मिश्रण पाहता पाहता नासतं.

लावण्याची रीत सोपी आहे. आधी चार-पाच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज, पुरळ नसेल तर चेहरा धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा करून चार-पाच थेंब. पाच मिनिटं थांबा, मग उन्हापासूनचं क्रीम. घाम निथळत असताना लावू नका, मीठ आणि आम्ल मिळून झोंबतं. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर दोन्ही एका वेळी लावू नका, ते याचं भस्म करतं. सकाळीच लावलं पाहिजे असंही नाही. पहाटे टोपली घेऊन निघणारी, दिवसभर घामाने डबडबणारी बाई रात्री चेहरा धुऊन लावू शकते. त्वचेत मुरलेलं दुसऱ्या दिवशी असतंच.

पण सीरम म्हणजे छत्री नव्हे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अलिबागच्या अक्षांशावर १४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही, शाळेतली मुलं तो दिवस साजरा करतात. त्या सुमारास दुपारचं अतिनील ऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या मापावर सर्वांत वरच्या, अकरा आणि त्याहून अधिकच्या पायरीत जातं. कोरडी वाळू त्यातला पंधरा टक्क्यांच्या आसपास भाग खालून परत फेकते, लाटांचा फेस पंचवीसएक टक्के. म्हणून टोपी घालूनही काशीदच्या वाळूत चेहरा भाजतो. पातळ ढगांतून त्यातलं पुष्कळसं आरपार येतं. त्याला उत्तर म्हणजे सावली, रुंद काठाची टोपी, डोक्यावरून पदर, आणि तीसहून अधिक एसपीएफचं क्रीम, तेही चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून, उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी. खोबरेल तेलाने ऊन थांबत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर सीरम सोडा आणि क्रीम घ्या. क्रीमलाही नसतील तर छत्री घ्या. बांबूंवर बोंबील सुकत घालणाऱ्या किंवा रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसणाऱ्या बाईसमोर सीरमचं पुराण लावणं मला बरं वाटत नाही. तिला आधी डोक्यावर छप्पर हवं.

या सगळ्या बाटल्यांच्या मागे काय असतं, ते आता सांगते. सुरकुत्यांसाठी येणाऱ्या थोड्या. बहुतेकींना वांग असतो, किंवा सावळेपणाची बोच. बाळंतपणानंतर गालांवर, कपाळावर तपकिरी छटा उमटते, ऊन तिला गडद करतं, धगीनेही ती वाढते असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. सासरी कुणीतरी बोलतं. मुलीला बघायला येणार असतात. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, ‘गोरेपणा’ हा शब्द डब्यांवरून गेला; घरांतून गेला नाही. सीरमवरच्या ‘ब्राइट’ आणि ‘ग्लो’ या शब्दांतून तोच वाचला जातो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या वर्षी आली. हातात सीरमची बाटली, तीही बऱ्यापैकी ताजी. तीन महिने लावून वांग फारसा फिकट झाला नाही म्हणून नाराज होती. ‘आता दुसरं लावतेय, बाई,’ म्हणाली, ‘आठ दिवसांत फरक पडला.’ आणि पिशवीतून पांढरी, नाव नसलेली प्लॅस्टिकची डबी काढली. कुण्या पार्लरमधून मिळाली होती. चेहरा खरंच उजळ दिसत होता. पण गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या आणि हनुवटीवर लव वाढली होती. मी तिला त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डबीत स्टेरॉइड असावं, असं त्यांनी लक्षणांवरून सांगितलं. ते एकदम बंद केलं तर चेहरा पेटून उठतो म्हणून त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवलं. तिला सहा महिने लागले. ती मला म्हणाली, ‘तुम्ही रागावला नाहीत, बाई.’ रागवायचं कुणावर? डबी देणारीला तिचं पोट होतं, घेणारीला तिच्या नणंदेचं लग्न होतं.

क जीवनसत्त्व आठ दिवसांत कुणाला उजळ करत नाही. त्याला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तेव्हाही वांग थोडा फिकट होतो, चेहऱ्याचा थकवा जरा कमी दिसतो, एवढंच. आठवड्यात गोरं करणारी वस्तू हातात आली तर आत काय आहे याची धास्ती घ्यायची. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडांची नावं ओळखून ठेवा. डॉक्टर ती काही आठवड्यांपुरती, नेमक्या रोगाला देतात. रोज पावडरीसारखी लावायला नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांना चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत टाकलं. तरी ट्यूब हातोहात मिळतेच. बिननावाच्या डबीत याहून वाईटही असू शकतं. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन बायकांना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता तो त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला, ही २०२३ सालची बातमी अनेकांनी वाचली असेल. पारा त्वचेचा रंग फिका करतो खरा. पण तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

म्हणून उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि तारीख यांतलं काहीही नसलेली डबी मैत्रिणीने दिली, वहिनीने दिली, कुणीही दिली तरी घेऊ नका. आधीच लावत असाल तर एकदम बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. डबी हातात घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लाजू नका, त्यांनी अशा डब्या पुष्कळ पाहिलेल्या असतात. वांग जुना असेल तरी त्यांच्याकडेच जा. त्यावर खरी औषधं आहेत, आणि त्यांच्या जोडीला सीरम चालेल का हे तेच सांगतील.

पुण्याहून माझी पुतणी फोन करून विचारते, ‘आत्या, तुझ्यासाठी सीरम पाठवू?’ तिला सांगितलंय, एप्रिल-मेमध्ये कुरिअरने काही पाठवू नकोस. पहिल्या सरी पडून हवा उतरली की लहानशी बाटली पाठव, आणि त्याच्याही आधी वादळाचा काही अंदाज आहे का ते टीव्हीवर बघ.